मोडसाहेबांची चूक

पोळी खाण्याआधी तिच्यावर नखानं रेघ ओढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. रेघ ओढायची, त्या रेघेवर पोळी मोडायची, मग दुसरी रेघ, दुसरी घडी, आणि मग भाजीत बुडवायची. तोवर आमचे डबे संपलेले असत. कुणी हसलं तर ते शांतपणे म्हणत, "बिनरेघेची घडी म्हणजे अंदाज. अंदाजानं माणूस जेवू शकतो, पण मग त्यानं स्वतःला ड्राफ्ट्समन म्हणवू नये."

ते आमचे हेडड्राफ्ट्समन. मलकापूरला स्टेशनच्या पुढं, सरकीच्या गोदामांना लागून एक पत्र्याचा कारखाना होता. ट्रंका, बादल्या, पाण्याच्या टाक्या, धान्याच्या कोठ्या असला माल तिथं होई. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं झालं होतं. मी लोणारहून येऊन तिथं ट्रेसर म्हणून चिकटलो होतो. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या ड्रॉइंगवर पारदर्शक खळीचं कापड ताणायचं आणि त्यावर शाईनं सगळं गिरवायचं, हे माझं काम. साहेबांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण कारखान्यात त्यांना मोडसाहेब म्हणत. पत्रा कुठं मोडायचा हे ते सांगत, म्हणून मोडसाहेब.

पत्र्याच्या ड्रॉइंगमध्ये रेघा दोन जातीच्या असतात. एक कापायची, एक मोडायची. जगातले बाकीचे ड्राफ्ट्समन मोडायची रेघ तुटक काढून मोकळे होतात. आमच्या साहेबांचं तेवढ्यावर समाधान नव्हतं. ते म्हणत, "कापलेला पत्रा परत जुळत नाही. म्हणून कापायच्या रेघेनं दरडावलं पाहिजे. मोडलेला पत्रा उलगडता येतो. मोडायच्या रेघेनं विनंती करावी." यासाठी माझ्या टेबलावर शाईच्या दोन दौती होत्या. एकीवर त्यांच्या सुबक अक्षरात चिठ्ठी होती, 'दरडावणी'. दुसरीवर, 'विनंती'. विनंतीच्या दौतीत रोज सकाळी ते स्वतः येऊन तीन थेंब पाणी घालत. चार नाही, दोन नाही. घालताना श्वास रोखून धरत.

घरी वेगळं काही नव्हतं. त्यांच्या बायकोनं माझ्या बायकोला एकदा सांगितलं होतं, "लगन झालं त्या वर्षी माह्या नव्या लुगड्याच्या निऱ्यांवर या मानसानं खडूनं खुना केल्या. वरून म्हने, आता चुकनार नाई. मी काय निऱ्या चुकत होती का?" त्यांच्या टोपीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा होत्या, हे मी स्वतः पाहिलं आहे. द्रोण-पत्रावळीचं जेवण असलं की द्रोण उलगडून बघत आणि लावणाऱ्याचं नाव विचारत. चांगला निघाला तर त्याला भेटायला मागच्या अंगणात जात. तोवर वरण थंड.

आणि दुसरा स्वभाव असा, की हा माणूस कधी चुकत नसे. म्हणजे चुकत असे, पण चूक झाली असं त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. एकदा मेहकरला जायला निघाले आणि बुलढाण्याच्या गाडीत बसले. बुलढाण्याला उतरल्यावर ओळखीचा एक जण भेटला, म्हणाला, साहेब, तुम्ही तर मेहकरला जाणार होता. साहेब म्हणाले, "मला बुलढाण्यालाच काम होतं." मग ते दिवसभर काम शोधत फिरले. काहीच सापडेना, तेव्हा दाढी करून घेतली, पावती मागितली, न्हाव्यानं पावती नसते म्हटल्यावर त्याच्याकडून कागदावर 'दाढी केली' असं लिहून घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. तो कागद त्यांनी आम्हाला दाखवला. "काम झालं," म्हणाले.

आता त्या उन्हाळ्याची गोष्ट सांगतो.

एका बियाणे सोसायटीची कोठ्यांची ऑर्डर आली होती. कोठी उभी चौकोनी. तिच्या डोक्यावर बसवायचा पत्रा अधिकच्या चिन्हासारखा कापायचा, मधला चौकोन कोठीच्या तोंडावर बसवायचा, चारी बाजूंचे पदर खाली मोडायचे आणि कथील वितळवून अंगाला झाळून टाकायचे, म्हणजे चारी बाजूंनी घट्ट बंद. सरळ काम. साहेबांनी ड्रॉइंग काढलं, मी गिरवलं, त्यांनी भिंगानं तपासलं आणि पुतण्याच्या लग्नाला चार दिवस मेहकरला निघून गेले. मी ट्रेसिंग छपाईला वर गच्चीवर दिलं. छापून आलेला निळा कागद तसाच खाली उस्तादकडं पोचवला. उलगडून पाहिला नाही. तेवढी चूक माझी, आणि ती मी कधी लपवली नाही.

उस्ताद म्हणजे पत्रेकामाचा मुख्य कारागीर. तीन पिढ्यांचा टीनवाला, पत्र्याला बोट लावून जाडी सांगणारा. ऑर्डरच्या आधीच्याच आठवड्यात त्यांचं आणि साहेबांचं वाजलं होतं. एका टाकीची कड उस्तादनं आपल्या मनानं अर्धा इंच जास्त मोडली होती. टाकी त्यानं बळकट झाली होती हे सगळ्यांना दिसत होतं. पण साहेबांनी सगळ्या कारागिरांसमोर त्यांना सुनावलं, "कागदात असेल तेवढंच करायचं. कागदात नाही ते करायचं नाही. अक्कल ड्रॉइंगरूममध्ये वापरली जाते, इथं हातोडा वापरायचा." उस्ताद दाढीवरून हात फिरवून म्हणाले, "ठीक है साहब. आता कागदात राहीन तेवढंच होईन."

साहेब मेहकरहून परत आले तेव्हा मी त्यांच्याबरोबरच शेडमध्ये गेलो. दारातच आम्ही थांबलो. आत चाळीस कोठ्या ओळीनं उभ्या होत्या आणि प्रत्येकीला चार पंख फुटले होते. पत्रा कापला होता बरोबर. बसवलाही होता बरोबर. तोंडाच्या काठाची झाळ इतकी सुबक, की बघत राहावं. फक्त पदर मोडलेलेच नव्हते. चारी बाजूंना आडवे पसरलेले. वारा आला की चाळीसच्या चाळीस कोठ्या थरथरत आणि वाटे, आता उडतील.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"कोठ्या," उस्ताद म्हणाले.

"मोडलं का नाही?"

उस्तादनं निळा कागद साहेबांसमोर धरला. "दाखवा साहब, कुठं रेघ आहे मोडाची? कागदात नाई थे मी करू काऊन?"

साहेबांनी कागद घेतला, उन्हात नेला, भिंग लावलं. कापायच्या रेघा पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. मोडायची एकही नव्हती. नुसता निळा रंग, सपाट.

तेवढ्यात कारखान्याचे मालक शेठजी आले. त्यांनी पंखवाल्या कोठ्या पाहिल्या, एक कोठी हातानं फिरवली, मग शेडच्या दाराकडं पाहिलं. "ह्या बाहेर कशा काढान?" त्यांनी विचारलं. तोवर हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पंखासकट एकही कोठी दारातून जात नव्हती. दोघांनी एक तिरपी करून पाहिली, तर ती दारात अडकली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्धे लोक आत आणि अर्धे बाहेर राहिले. उस्तादनं एकीचे पदर जागेवरच वाकवून पाहिले, तर वरची सगळी झाळ उखडून आली. म्हणजे चाळीस कोठ्यांची झाळ सोडवायची, पत्रे उतरवायचे, मोडायचे, परत झाळायचे. माल न्यायला सोसायटीचे लोक पंधरवड्यात येणार होते.

शेठजींनी मला ऑफिसात बोलावलं. साहेबही आले.

"रेघा कोन विसरलं?"

"कुणीच विसरलं नाही," साहेब म्हणाले आणि ट्रेसिंग टेबलावर पसरलं. त्यावर मोडायच्या सगळ्या रेघा होत्या. फिक्या, पण होत्या.

शेठजींनी माझ्याकडं पाहिलं. "आता काढल्या असतीन यानं. चूक पकडल्यावर."

यावर साहेबांनी जे केलं ते मी विसरणं शक्य नाही. त्यांनी टेबलावर वाकून ट्रेसिंगला जीभ लावली. डोळे मिटून क्षणभर थांबले. "शाई आठवड्याची आहे," म्हणाले. "ताजी शाई जिभेला चावते." खळीच्या कापडावर त्यांच्या जिभेचा ओला डाग पडला तो कायमचाच. पुढं त्या ड्रॉइंगच्या प्रत्येक छापील प्रतीत, कोठीच्या डाव्या पदराजवळ, मोडसाहेबांची जीभ उमटत राहिली.

शेठजी म्हणाले, "जिभेचा दाखला मी सोसायटीले दाखवू का? शनवारपर्यंत मले सांगा रेघा कुठं गेल्या. नाई तं हा मानूस रविवारच्या गाडीनं लोनारले जाईन."

बायकोला मलकापूरला आणून मला दीड महिना झाला होता. खोलीत नुकती चूल मांडली होती. त्या दिवशी मी घरी गेलो आणि तिला काही सांगितलं नाही. तिनं विचारलं, जेवत काऊन नाई? मी म्हणालो, ऊन लय आहे.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी तपास सुरू केला. छपाईची रीत अशी. लाकडी चौकटीत काचेखाली ट्रेसिंग, त्याखाली औषध लावलेला कागद. चौकट गच्चीवर उन्हात ठेवायची. जिथं ऊन पोचतं तिथं कागद निळा पडतो, शाईच्या रेघेखाली पांढरा राहतो. मग कागद टाकीत धुवायचा. हे सगळं करणारा माणूस तुळशीराम. पन्नाशीचा, कोरडा, दाढा जवळजवळ गेलेल्या. बारा वर्षं तो छपाई करत होता आणि त्या बारा वर्षांत त्याचा एक कागद वाया गेला नव्हता.

"उन्हात वेळ तेवढाच ठेवतोस ना?" साहेबांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

"तेवढाच, सायेब," तुळशीराम म्हणाला. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. बारा वर्षं न चुकलेल्या माणसाला पुन्हा विचारणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

नवी प्रत छापली. रेघा गायब. पाण्याचा संशय आला म्हणून साहेब घरून विहिरीची घागर खांद्यावर घेऊन आले. टोपी भिजली, तिच्यावरच्या पेन्सिलीच्या रेघा कपाळावर उतरल्या. रेघा तरीही गायब. काच बदलली. गायब. शेवटी साहेब म्हणाले, "मी स्वतः बसतो," आणि छत्री उघडून गच्चीवर तुळशीरामशेजारी बसले. वैशाखातलं मलकापूरचं ऊन, दोघे छत्रीखाली, समोर चौकट. थोड्या वेळानं कागद धुतला.

रेघा आल्या! सगळ्या. बारीक, नाजूक, विनंती करणाऱ्या.

साहेबांनी दुसरी प्रत बसून काढली. आल्या. तिसरीच्या वेळी पाणी प्यायला खाली गेले आणि प्रत त्यांच्यामागं निघाली. गेल्या. दुपारभर हेच चाललं. वहीत त्यांनी लिहिलं, 'मी हजर, रेघा हजर. मी गैरहजर, रेघा गैरहजर.' मग मला एका बाजूला घेतलं. आवाज खाली आणला.

"हे कुणाला सांगू नकोस," म्हणाले. "रेघा मला ओळखतात. लोकांना कळलं तर पाया पडायला येतील."

ते चेष्टा करत नव्हते. त्या दिवशी परत जाताना त्यांची चाल वेगळी होती. पण माणूस शास्त्राचा, म्हणून दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी त्यांनी आपल्या जागी उस्तादला बसवलं. उस्ताद कुरकुरत बसले. कागद धुतला, तर रेघा आल्या. साहेबांनी भिंग लावून एकेक रेघ मोजली.

"उस्तादलाही ओळखतात?"

उस्ताद म्हणाले, "मले काऊन नाई ओळखनार?"

"शक्य नाही," साहेब म्हणाले. "रेघांची निवड इतकी वाईट नसते. कारण दुसरं आहे." आणि तो सिद्धांत त्यांनी तिथंच सोडून दिला.

शुक्रवारी दुपारी तुळशीरामनं मला गच्चीवर बोलावलं. खाली बसवलं. समोर फुटाण्याची पुडी ठेवली.

"तुमची नोकरी चालली, म्हनून सांगतो," तो म्हणाला. "पन अर्धंच सांगीन. मी विडी सोडली. काऊन सोडली थे नाई सांगत."

मला काही कळेना. मग तो बोलत गेला. बारा वर्षं त्याच्याकडं घड्याळ नव्हतं. चौकट उन्हात ठेवली की तो विडी पेटवे, आणि विडी संपली की चौकट उचले. एक विडी, एक कागद. उन्हाळ्यात हेच माप, हिवाळ्यात दोन विड्या. दोन महिन्यांपूर्वी विडी सोडली. आता काय मोजायचं? म्हणून मूठभर फुटाणे घेऊ लागला. फुटाणे संपले की चौकट उचलायची.

"पन माह्या दाढा नाईत," तो म्हणाला. "मूठभर फुटाने चघयाले मले लय वेळ लागते. दोन विड्यांचा वेळ जाते. चैतात निभलं, पन वैशाखाच्या तेवढ्या उन्हात जाड रेघा टिकते, पातय रेघ जळून जाते."

"आणि साहेब बसले की?"

"सायेब बसले की अर्धे फुटाने थे खाते. उस्तादही खाते. लवकर संपते."

मी हसलो. हसता हसता थांबलो, कारण त्याचा चेहरा उतरला होता. विडी का सोडली हे त्यानं सांगितलं नाही, पण मला समजलं. त्याची मुलगी वत्सला मार्चमध्ये मॅट्रिकला बसली होती. त्यांच्या घरात मॅट्रिकला बसलेली पहिलीच. हा नवस होता, आणि निकाल अजून लागायचा होता. नवस बोलून दाखवला तर फळत नाही अशी त्याची समजूत, म्हणून अर्धंच सांगणं.

"सायबाले सांगू नका," तो म्हणाला. "बारा वरसं माह्यावर इस्वास ठेवला त्याईनं. मी खोटं बोललो, वेळ तेवढाच म्हनलं."

मी सांगणार नाही असं म्हणालो. पण रात्रभर झोप लागली नाही आणि सकाळपर्यंत मी ठरवलं होतं, की वेळ आली तर सांगून टाकायचं. माझीही चूल होती. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण ठरवलं होतं हे खरं.

शनिवारी शेठजींच्या ऑफिसात मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेब आत आले. हातात ट्रेसिंगच्या कापडाचा एक तुकडा आणि त्याची निळी प्रत. तुकड्यावर चार रेघा होत्या. एक निव्वळ शाईची, एक थेंब पाण्याची, दोन थेंबांची, तीन थेंबांची. प्रतीवर तीनच उतरल्या होत्या. दोन थेंबांची जेमतेम. तीन थेंबांची अजिबात नाही. ही प्रत तुळशीरामनं एकट्यानं बसून काढली होती.

"शेठजी," साहेब म्हणाले, "चूक झालेली आहे."

"कोनाची?"

"झालेली आहे."

"थे समजलं. कोनाची?"

साहेबांच्या मानेवरची शीर उभी राहिली. त्यांनी टोपी काढली, परत घातली. खुर्चीच्या पाठीला धरलं. ओठ दोनदा हलले, आवाज आला नाही. मला वाटलं, यांना घेरी येते की काय.

"मा," ते म्हणाले. मग थांबले. मग म्हणाले, "झी."

शेठजींनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि माणसाला चहा आणायला पाठवलं. साहेब खुर्चीत बसले आणि रुमालानं तोंड पुसत राहिले. "विनंतीच्या शाईत मी तीन थेंब पाणी घालतो," ते म्हणाले. "तेवढ्या पातळ शाईला वैशाखातलं ऊन अडवता येत नाही. यात या मुलाचा दोष नाही, छपाईचा नाही, उस्तादचा थोडा आहे."

"मंग पानी बंद करा," शेठजी म्हणाले.

"बंद होणार नाही. मोडायच्या रेघेनं दरडावायचं नसतं."

"एक थेंब."

"अडीच."

"एक."

"दोन," साहेब म्हणाले. "दोन थेंबांना रेघ जेमतेम दिसते. प्रत पहा."

शेठजींनी सरकीच्या बाजारात असले सौदे हजार केले असतील. ते प्रतीकडं न बघताच म्हणाले, "दीड. चहा घ्या."

दीडवर मिटलं. साहेब पुढं रोज सकाळी एक थेंब दौतीत सोडत आणि दुसरा सुईच्या टोकावर घेऊन त्याचा अर्धा भाग दौतीत टेकवत. उरलेला अर्धा रुमालाला पुसत.

कोठ्यांचं काम उस्ताद आणि साहेबांनी मिळून काढलं. आठ दिवस साहेब शेडमध्ये मांडी घालून बसले. उस्ताद झाळ सोडवत, साहेब प्रत्येक पत्र्यावर हातानं रेघ ओढत, कारागीर मोडत. तिसऱ्या दिवशी उस्ताद म्हणाले, "साहब, खरं सांगू? मले दिसत होतं का मोडाचं आहे. पन मी रुसलो होतो."

साहेब म्हणाले, "रुसवा ड्रॉइंगमध्ये दाखवायची सोय नाही. पुढच्या वेळी येऊन सांगा." मग थोड्या वेळानं, "ती टाकीची कड तुम्ही बरी मोडली होती." उस्तादनं हातोडा थांबवला, परत चालू केला. कोठ्या वेळेवर गेल्या.

त्यानंतर साहेबांमध्ये जो बदल झाला त्याची आम्हाला कल्पना नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केली होती आणि ती त्यांना इतकी आवडली, की सांगितल्याशिवाय राहवेना. भाजीवालीला सांगितली. बसच्या कंडक्टरला सांगितली, तिकीट हातात घेऊन, मागं रांग खोळंबलेली. "तीन थेंब पाणी," ते बोटं वर करून म्हणत, "तीन! आणि बारा वर्षं मला कळलं नाही." चूकसुद्धा त्यांनी नीट आखून घेतली होती. कुठं थांबायचं, कुठं मान हलवायची, सगळं ठरलेलं. ते मोकळे झाल्यासारखे दिसत. जेवताना डबा वेळेत संपू लागला, कारण सांगायला वेळ हवा असे.

एके दिवशी त्यांची बायको कारखान्यात आली. ऑफिसात शेठजींसमोर उभी राहिली. "खरं हाये का हो? यायनं चूक कबूल केली?"

"हाव, वहिनी. माह्या समोर."

"कागदावर हाये का कुठं? सही?" तिनं विचारलं. "मले देवघरात लावाची होती."

जूनमध्ये निकाल लागला. वत्सला पास झाली. तुळशीराम पेढ्यांचा पुडा घेऊन आला, सगळ्यांना वाटला, मग गच्चीवर जाऊन तीन महिन्यांतली पहिली विडी पेटवली. मी वर गेलो तेव्हा ती तशीच बोटात जळत होती.

"चाला माह्यासंग," तो म्हणाला. "शेठजीले सांगून टाकू. आता नवस फेडला. सायबानं माह्या पायी चूक अंगावर घेतली, मले झोप येत नाई."

आम्ही ऑफिसात गेलो. तुळशीरामनं हात जोडून सगळं सांगितलं, विडीपासून दाढांपर्यंत. शेठजी पेढा खात ऐकत होते.

"मले माईत होतं," ते म्हणाले.

"कसं काय, शेठजी?"

"ही खिडकी गच्चीखाली आहे. बारा वरसं वरून विडीचा वास येते. मार्चापासून बंद झाला. वरून फुटान्याची टरफलं पडाले लागली." त्यांनी धोतराला हात पुसले. "मले पह्यल्या दिवशीच समजलं असतं, पन जरा उशिरा समजलं. शनवारी सायेब आत आले तवा मी सांगनारच होतो. पन सायेब चूक कबूल करून राह्यले होते. असा योग पुन्हा कवा आला असता?"

"मग मला लोणारला पाठवणार होता ते?" मी विचारलं.

"थे तवा खरं होतं," शेठजी म्हणाले. "पेढा घे."

आम्ही बाहेर पडलो. खाली ड्रॉइंगरूममध्ये नागपूरहून आलेला शाईचा एक विक्रेता बसला होता आणि साहेबांचा आवाज जिन्यात येत होता. "तीन थेंब! आणि बारा वर्षं मला कळलं नाही." मधेच ठरलेल्या जागी ते थांबले. विक्रेता अरे वा म्हणाला.

मी तुळशीरामकडं पाहिलं. "आता साहेबांना सांगायचं?"

तुळशीराम जिन्याच्या कठड्याला टेकला. त्यानं खालच्या बोलण्याकडं कान लावला.

"राहू द्या," तो म्हणाला. "सगया जन्मात मानसाले एक चूक भेटली. थेबी आपन काऊन हिसकून घ्याची?"

त्यांचं सांगून होईपर्यंत आम्ही दोघे जिन्यातच उभे राहिलो.